विमा कामगाराचा, अकीदा मालकाचा

गेल्या महिन्यात एका वाचक भगिनीचे चार पानी पत्र आले. गाव कोकणातले, मुलगी अमेरिकेत. पत्रावर लिहायची परवानगी त्यांनी दिली आहे, मात्र नाव-गाव कळता कामा नये ही अट घालून. म्हणून तेवढे गाळून बाकी जसे आहे तसे सांगतो.

मुलगी तिकडे एका इस्पितळाच्या प्रयोगशाळेत आहे. इस्पितळ कॅथलिक नन्सनी काढलेले. भिंतीवर क्रूस आहे, सकाळी ध्वनिक्षेपकावर प्रार्थना होते, पण हिच्या ओढणीबद्दल आजवर कुणी चकार शब्द काढलेला नाही. नमाजसाठी कोपऱ्यातली एक खोलीही मिळते. मुलीला पाळीचा त्रास शाळेपासूनचा. बारा-बारा दिवस रक्त जायचे आणि हिमोग्लोबिन पार खाली उतरायचे. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी गोळ्या लिहून दिल्या. पाळणा लांबवण्यासाठी घेतात त्याच या गोळ्या, पण अशा आजारातही त्या देतात. आपल्याकडच्या स्त्रीरोगतज्ज्ञही देतात. औषधाच्या दुकानात विम्याचे कार्ड दाखवले तर चालले नाही. दुकानदार म्हणाला, तुमच्या मालकाने घेतलेल्या विम्यात हे बसत नाही. मग इस्पितळाच्या कार्यालयातून निरोप आला: गोळ्या आजारासाठी आहेत, मूल होऊ नये म्हणून नाहीत, असे डॉक्टरांचे पत्र आणून द्या. पत्र दिले आणि गोळ्या सुरू झाल्या.

पैशाचा प्रश्न मिटला. आईच्या मनातला मिटला नाही. त्या लिहितात, “भाईसाहेब, पोरीचं लग्न व्हायचंय. आणि तिच्या आजाराचा कागद कार्यालयातल्या दोन बायांनी वाचला. त्यांनी काही वाईट केलं नाही, पण पोर रात्री फोनवर रडली. मालकाला हे विचारायचा हक्क कुणी दिला? आणि मी रागावू तरी कशी? तेच लोक तिची ओढणी सांभाळतात.”

पत्राच्या शेवटी आणखी एक प्रश्न आहे: आपला दीन याबद्दल काय म्हणतो? त्याकडेही येऊ, पण आधी या मालकाच्या हक्काची गोष्ट सांगायला हवी. ती लांबची आहे.

आपल्याकडच्या माणसाला पहिला प्रश्न पडतो तो हा, की औषधाच्या दुकानात मालक आलाच कुठून? अमेरिकेत साठीच्या आतल्या बहुतेक माणसांचा आजारपणाचा विमा नोकरीतून येतो. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली, तिथल्या सरकारने महागाई आवरण्यासाठी पगारवाढीवर बंधन घातले. कारखान्यांना माणसे तर हवी होती. पगार वाढवता येईना, तेव्हा मालकांनी आजारपणाचा विमा देऊ केला, कारण तो पगारात धरला जात नव्हता. पुढे त्यावर करसवलतही मिळाली आणि युद्धापुरती काढलेली वाट कायमची झाली. आज तिथल्या जवळपास निम्म्या लोकांच्या डोक्यावरचे हे छत्र मालकाच्या हातात आहे. विमा कोणत्या कंपनीचा आणि त्यात काय बसते, हे मालक ठरवतो. कामगाराने घाम गाळून मिळवलेल्या मोबदल्याचाच तो एक भाग आहे, पण कागदावर मालकाची सही असते.

२०१० साली राष्ट्राध्यक्ष ओबामांच्या काळात आरोग्यविम्याचा मोठा कायदा झाला. आजार होऊच नये म्हणून घ्यायची काळजी विम्यात फुकट मिळाली पाहिजे, असे त्यात होते. स्त्रियांच्या बाबतीत या काळजीत काय काय धरायचे ते तज्ज्ञांच्या समितीने २०११ मध्ये ठरवले आणि सरकारमान्य गर्भनिरोधाची सगळी साधने त्यात आली. ऑगस्ट २०१२ नंतर सुरू होणाऱ्या विम्यांना हे लागू झाले. प्रत्यक्ष चर्च, मशिदी, सिनेगॉग यांना पहिल्यापासून सूट होती. वाद झाला तो त्यांच्या पलीकडच्या संस्थांचा. धर्मासाठी स्थापन झालेल्या पण सर्वांसाठी चालणाऱ्या शाळा, कॉलेजे, इस्पितळे, वृद्धाश्रम यांचे काय करायचे? तिथे झाडू मारणारी बाई कॅथलिक नसते, आणि असली तरी बिशपांच्या सगळ्या आज्ञा पाळतेच असे नाही.

कॅथलिक चर्चची भूमिका माहीत असावी म्हणून सांगतो. १९६८ साली पोप सहावे पॉल यांनी कृत्रिम गर्भनिरोध निषिद्ध असल्याचे पत्रक काढले. (गंमत अशी की पाळणा लांबवणारी गोळी तयार करण्यात ज्यांचा मोठा वाटा, ते डॉ. जॉन रॉक स्वतः रोज चर्चला जाणारे कॅथलिक होते.) मात्र त्याच पत्रकात आजार बरा करण्यासाठी लागणाऱ्या उपचाराला मुभा आहे. म्हणजे आपल्या भगिनीच्या मुलीला गोळ्या मिळाल्या त्या नियम मोडून मिळाल्या नाहीत. त्यांच्या धर्मातल्या सवलतीतूनच मिळाल्या, आणि सवलत मिळवायची तर आजार सिद्ध करणे आले.

हे सिद्ध करणे प्रत्येकीला जमतेच असे नाही. फेब्रुवारी २०१२ मध्ये सँड्रा फ्लूक नावाच्या कायद्याच्या विद्यार्थिनीने अमेरिकन काँग्रेसच्या सदस्यांपुढे आपल्या मैत्रिणीची हकिकत सांगितली होती. त्या दोघी जॉर्जटाउन विद्यापीठात शिकत होत्या. ते जेझुइट पाद्र्यांचे. मैत्रिणीला बीजाशयात गाठी होण्याचा विकार होता, ज्याला आपल्या मुली आता पीसीओडी म्हणतात. आजारासाठी गोळी मिळेल असा नियम तिथेही होता, पण विमावाल्यांना तिचे म्हणणे पटेना. ती बरेच महिने पदरचे पैसे भरत राहिली, मग ते परवडेना म्हणून गोळ्या सुटल्या, आणि शेवटी शस्त्रक्रिया करून बीजाशय काढावे लागले. ही साक्ष दिल्याबद्दल रेडिओवरच्या एका नामांकित निवेदकाने फ्लूक यांना इतके गलिच्छ शब्द वापरले, की पुढे त्याला माफी मागावी लागली.

आता कोर्टातली गोष्ट.

ओक्लाहोमा राज्यातले ग्रीन कुटुंब हस्तकलेच्या सामानाची ‘हॉबी लॉबी’ नावाची दुकाने चालवते. त्या वेळी पाचशेच्या वर दुकाने आणि तेरा हजार नोकर होते. माणसे कट्टर इव्हँजेलिकल ख्रिस्ती. रविवारी दुकान बंद म्हणजे बंद, मग कितीही नुकसान होवो. सरकारी यादीत गर्भनिरोधाची वीस साधने होती. त्यातल्या सोळांबद्दल त्यांचे काही म्हणणे नव्हते. चारांना, म्हणजे संबंधानंतर घ्यायच्या दोन गोळ्या आणि गर्भाशयात बसवायची दोन साधने यांना, विरोध होता. यांमुळे फळलेले बीज गर्भाशयात रुजत नाही आणि तो एक जीव घेणेच आहे, असा त्यांचा अकीदा. विम्यातून ती चार वगळली तर दिवसाला १३ लाख डॉलर, म्हणजे वर्षाला साडेसत्तेचाळीस कोटी डॉलर दंड. विमाच बंद केला तर वर्षाला २ कोटी ६० लाख. पेनसिल्व्हेनियात लाकडी कपाटे बनवणाऱ्या एका मेनोनाइट कुटुंबाचीही हीच तक्रार होती.

३० जून २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी या कुटुंबांच्या बाजूने निकाल दिला. न्यायमूर्ती अलिटो यांनी लिहिले, की धार्मिक धर्मादाय संस्थांसाठी सरकारने आधीच एक मधली वाट काढली आहे. संस्थेने आक्षेपाचा कागद भरून द्यावा, मग विमा कंपनीने स्वतःच्या खर्चाने ती साधने परस्पर स्त्रियांना द्यावीत. हीच वाट दुकानदारांना दिली तर स्त्रियांचे काहीच नुकसान होणार नाही. विरोधी मत न्यायमूर्ती रूथ बेडर गिन्सबर्ग यांचे. गर्भाशयात बसवायच्या साधनाचा खर्च किमान वेतनावर राबणाऱ्या बाईच्या जवळपास महिन्याच्या पगाराइतका पडतो, याची त्यांनी आठवण करून दिली.

स्त्रियांचे काही नुकसान नाही, हे शब्द ध्यानात ठेवावेत. कारण तीनच दिवसांनी, ३ जुलैला, व्हीटन या ख्रिस्ती कॉलेजने त्या आक्षेपाच्या कागदावर सही करायलाही नकार दिला, आणि कोर्टाने त्याला तात्पुरते संरक्षण दिले. कॉलेजचे म्हणणे असे: आम्ही सही केली की ती साधने मिळणार, म्हणजे सही हीच गुनाहात मदत. वृद्धाश्रम चालवणाऱ्या ‘लिटल सिस्टर्स ऑफ द पूअर’ या नन्सचेही तेच म्हणणे. या नन्सबद्दल आदराने बोलावे. १८३९ पासून, फ्रान्समधल्या एका गरीब बाईने एका अंध म्हातारीला आपल्या घरात आणले तेव्हापासून, त्यांचा संघ निराधार वृद्धांना सांभाळतो. त्यांचे प्रकरण २०१६ मध्ये कोर्टाने निकाल न देताच खाली पाठवले. पुढे सरकार बदलले. २०१७ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये नव्या सरकारने सूट इतकी मोठी केली, की आक्षेप असलेल्या मालकाने मधल्या वाटेचा कागद भरण्याचीही गरज उरली नाही. ८ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी असे नियम करण्याचा सरकारचा अधिकार मान्य केला. त्या सुनावणीत गिन्सबर्गबाई इस्पितळाच्या खाटेवरून फोनवर सामील झाल्या होत्या. या सुटीमुळे किती स्त्रियांचे साधन जाईल, याचा खुद्द सरकारी अंदाज त्यांनी आपल्या विरोधी मतात नमूद केला: सत्तर हजार पाचशे ते एक लाख सव्वीस हजार चारशे.

काहीच नुकसान नाही, इथून निघालेली गाडी सहा वर्षांत लाखाच्या घरात पोचली. आणि वाटेत कुणी खोटे बोलले असेही आम्हांला वाटत नाही. प्रत्येक जण आपापल्या ईमानाने एक पाऊल मागे सरकला. त्या प्रत्येक पावलाची किंमत मात्र कोर्टात नसलेल्या बाईच्या पर्समधून गेली.

मग वाचकांपैकी कुणी म्हणेल, चला, त्या दुकानदारांना आणि नन्सना नावे ठेवू या. तेवढे सोपे नाही, कारण ज्या कायद्याच्या आधाराने ते जिंकले त्याच्या सावलीत आपली माणसेही उभी आहेत.

हा कायदा १९९३ चा. ओरेगॉन राज्यात दोघा जणांची नोकरी गेली, कारण त्यांनी मूळनिवासी अमेरिकनांच्या पूजेत पेयोट नावाची निवडुंगासारखी नशेची वनस्पती घेतली होती. सरकारने बेकारभत्ताही नाकारला, आणि १९९० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारला बरोबर ठरवले. यावर डावे-उजवे, ख्रिस्ती-यहुदी-मुस्लिम सगळेच घाबरले. तीन वर्षांत कायदा झाला, सिनेटमध्ये ९७ विरुद्ध ३ मतांनी: अगदी निकडीचे कारण असल्याशिवाय, आणि कमीत कमी जाच होईल अशा रीतीने असल्याशिवाय, सरकारने कुणाच्या धर्मपालनावर भार टाकू नये. २००० साली त्याच धर्तीचा दुसरा कायदा तुरुंगातल्या कैद्यांसाठी झाला. आर्कान्सासच्या तुरुंगातल्या एका मुस्लिम कैद्याने त्याच्या आधारे अर्धा इंच दाढी ठेवायला परवानगी मागितली. पूर्ण दाढी मागायचीही त्याची हिंमत झाली नव्हती. तुरुंगवाले म्हणाले, दाढीत काहीतरी लपवील. २० जानेवारी २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकमताने त्याच्या बाजूने निकाल दिला. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती तेच, अलिटो. डोक्यावरच्या केसांत लपवता येत नाही का, असा साधा सवाल त्यांनी केला. आणि त्या कैद्याच्या वकिलांत जी संस्था होती, तीच हॉबी लॉबीची आणि पुढे नन्सचीही. टेनेसी राज्यात शेजाऱ्यांच्या विरोधामुळे एका मशिदीचे दार उघडेना, तेव्हा २०१२ च्या रमजानआधी तिच्यासाठी कोर्टात धावून गेली तीही हीच संस्था.

तेव्हा त्या कायद्यावर थुंकता येत नाही. पण दाढी आणि विमा यांत एक फरक आहे, आणि आमच्या मते सगळे इथेच आहे. कैद्याच्या अर्ध्या इंचाने शेजारच्या कोठडीतल्या माणसाला काही सोसावे लागत नाही. हॉबी लॉबीच्याच ओक्लाहोमात, तुलसा शहरात, समांथा एलाउफ या मुस्लिम मुलीला ओढणीमुळे कपड्यांच्या दुकानात नोकरी नाकारली गेली होती. २०१५ मध्ये तीही सर्वोच्च न्यायालयात जिंकली. तिच्या ओढणीने गिऱ्हाइकाच्या खिशातून काही जात नव्हते. आपला दीन पाळायला आपण सवलत मागतो तेव्हा ओझे आपल्याच अंगावर असते, फार तर मालकाची थोडी गैरसोय. मालक सवलत मागतो तेव्हा ओझे कुणाच्या अंगावर पडते हे पाहावे लागते, कारण त्याच्या हाताखाली माणसे असतात आणि त्यांचा मोबदला त्याच्या सहीने निघतो.

गुनाहात मदत करू नये हे आपल्यालाही शिकवलेले आहे. पण मदत कुठे सुरू होते आणि कुठे संपते, यावर आपल्या इमामांनीही खल केला आहे. द्राक्षाचा रस दारू गाळणाऱ्याला विकावा का? इमाम अबू हनीफांच्या मते विक्री चालेल, कारण रस स्वतः हलाल आहे आणि पुढचे कृत्य घेणाऱ्याचे. त्यांच्याच दोन मोठ्या शिष्यांना, अबू यूसुफ आणि मुहम्मद यांना, ते पटले नाही. म्हणजे शंका घेणारा माणूस मूर्ख नसतो. मात्र पगाराच्या बाबतीत अशी शंका कुणी घेतलेली आम्ही ऐकली नाही. महिन्याचा पगार हातात दिल्यावर कारकून त्याचे काय करतो याचा जाब मालकाला द्यावा लागत नाही. विमा हा पगारच आहे, फक्त नोटांच्या रूपात नाही.

आता भगिनींचा दीनाबद्दलचा प्रश्न. आम्ही आलिम नाही. मसला आपापल्या आलिमांनाच विचारावा. पण सर्वांना ठाऊक असलेले तेवढे सांगतो. पैगंबर (स.) यांच्या हयातीत सहाबा अज्ल करीत असत, म्हणजे मूल राहू नये अशी खबरदारी घेत असत. कुरआन उतरत होते त्या काळात हे चालू होते आणि त्याची मनाई आली नाही, अशा आशयाची हजरत जाबिर (रजि.) यांची रिवायत बुखारी व मुस्लिम दोन्हींत आहे. यावरून बहुतेक फुकहांनी तात्पुरत्या उपायांना वाव दिला; काहींनी नापसंत मानले. कायमची नसबंदी आणि गर्भपात हे वेगळे मसले आहेत, त्यांची इथे भेसळ करू नये. घाटावरचे आपण बहुतेक हनफी. हनफी फिकहात मुळात नवऱ्याला यासाठी बायकोची रजा घ्यावी लागते, कारण मुलावर तिचाही हक्क आहे. कोकणातले आपण शाफई. शाफई मसलकाचे इमाम गझाली यांनी नऊशे वर्षांपूर्वी आपल्या ‘इह्या’ ग्रंथात अज्लमागच्या नियतींचा विचार केला आहे. बाळंतपणात बायकोच्या जिवाला धोका असणे, तिची प्रकृती व रूप टिकावे असे वाटणे, फार लेकरांनी संसाराची ओढाताण होणे, ही कारणे त्यांनी मान्य केली. मुलगी होईल या भीतीने कुणी असे करीत असेल तर ती नियत मात्र वाईट ठरवली.

या सगळ्या चर्चेत नवरा आहे, बायको आहे, हकीम आहे. मालक कुठेच नाही. आणि आपल्या भगिनीच्या मुलीचा तर मसलाच वेगळा. ती दवा घेते आहे. त्यात लाजण्यासारखे काही नाही, हे तिला आईनेच सांगायला हवे, आणि या पत्राला उत्तर म्हणून आम्ही आधी तेच कळवले आहे.

आपल्याकडे हा प्रश्न विम्याच्या वाटेने आलाच नाही, कारण बहुतेक पॉलिसींत वगळलेल्या गोष्टींच्या यादीत गर्भनिरोध सरळ नमूद असतो. हवे त्यांना सरकारी दवाखान्यात माला-एन, छाया, अंतरा, तांबी फुकट मिळते, मालकाला न विचारता. आपल्या घरांत हा विषय मोठ्याने निघत नाही. बाहेर मात्र आपल्यावरून आरडाओरडा फार. १९९२-९३ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत मुस्लिम स्त्रीमागे ४.४ मुले होती. २०१९-२१ च्या पाहणीत २.३६. ही घट कुणाच्या भाषणाने झाली नाही. नवरा-बायकोंनी रात्री दिवा मालवल्यावर बोलून केली.

पण मालक मध्ये येण्याची उदाहरणे इथेही जुनी आहेत. महर्षी कर्व्यांचे चिरंजीव र. धों. कर्वे मुंबईच्या विल्सन कॉलेजात गणित शिकवत. १९२१ साली त्यांनी संततिनियमनाचे केंद्र काढले आणि उघड प्रचार सुरू केला. मिशनऱ्यांच्या कॉलेजला ते रुचले नाही आणि प्राध्यापकांना नोकरी सोडावी लागली. नंतर त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढले ते १९२७ मध्ये. कर्व्यांची बरीच मते आम्हांला मुळीच पटत नाहीत, पण गणिताच्या तासाला त्यांचा काय अडथळा होत होता ते कळत नाही.

आणि आता घरची गोष्ट. ती सांगितल्याशिवाय हे लिहिणे अर्धे राहील.

आम्ही काही वर्षे एका शाळेच्या समितीवर आहोत. शाळा आपल्याच लोकांनी चालवलेली. नाव सांगत नाही. एकोणीस शिक्षक, त्यांत चौदा बाया. पाच-सहा वर्षांपूर्वी एक एजंट सगळ्या शिक्षकांच्या सामूहिक आरोग्यविम्याचा प्रस्ताव घेऊन आला. हप्ता संस्थेने भरायचा, फार मोठा नव्हता. बैठकीत एका वडीलधाऱ्या सदस्यांनी विरोध केला. विम्यात सूद आहे, अनिश्चितता आहे, जुगाराचा अंश आहे. संस्थेचा पैसा कौमचा, तो अशा कामात घालता येणार नाही. यावर आलिमांत मतभेद आहेत, काही जण आजारपणाच्या विम्याला गरज म्हणून सवलत देतात, हे आम्हांला माहीत होते. कुणीतरी म्हणाले, “शिक्षकांना तरी विचारू या.” त्यावर उत्तर आले, “दीनचा मसला आहे, बायांना काय विचारायचं?” ठराव झाला: दीनी कारणास्तव प्रस्ताव नामंजूर. आम्ही तोंड उघडले नाही. सही केली आणि चहा घेऊन घरी आलो.

दोन वर्षांनी मराठी शिकवणाऱ्या बाईंचे गर्भाशयाचे ऑपरेशन झाले. बिल एक लाख ऐंशी हजार. बाईंनी बांगड्या मोडल्या. तरी उरलेल्यासाठी जुम्याच्या नमाजनंतर रुमाल पसरावा लागला. पहिली आणि सगळ्यांत मोठी नोट टाकली ती त्याच वडीलधाऱ्या सदस्यांनी. माणूस सच्चा आहे, त्याच्या ईमानावर आमचा आजही शक नाही. पण बाई त्यानंतर दोन महिने स्टाफरूममध्ये मान वर करून बसत नव्हत्या. आपले पोट आणि आपला आजार अख्ख्या मोहल्ल्याला माहीत झाला, असे त्या आमच्या घरी येऊन बोलल्या. अमेरिकेतल्या त्या मुलीचा कागद दोघींनी वाचला होता. आमच्या बाईंचा चारशे नमाजींनी ऐकला.

पत्र वाचल्यापासून हेच डोक्यात आहे. समितीला विमा हराम वाटतो तर समितीने तो स्वतःसाठी घेऊ नये. (त्या बैठकीतल्या तिघांच्या घरी मुलांच्या कंपन्यांचा विमा होता, हे जाता जाता. त्यांतले एक आम्हीच.) संस्थेच्या हातून हप्ता भरायला मन कचरत असेल, तर हप्त्याइतकी रक्कम प्रत्येकीच्या पगारात वाढवून द्यावी. मग तिने पॉलिसी घ्यावी, तकाफुलसारखे काही शोधावे, पोस्टात ठेवावी की आणखी काही करावे, ते तिने आपल्या घरात आणि आपल्या आलिमांना विचारून ठरवावे. द्राक्षाच्या रसाचा वादही मग उरत नाही. सदस्य आपला अकीदा आपल्या खर्चाने पाळतील.

असा लेखी प्रस्ताव आम्ही या महिन्याच्या बैठकीसाठी दिला आहे. वडीलधाऱ्यांना आधी घरी जाऊन दाखवला. त्यांनी दोनदा वाचला, चश्मा काढला आणि विचारले, “बायांना बोलावलंय का?” बोलावले आहे. चौदापैकी नऊ जणींनी येते म्हणून कळवले. मराठीच्या बाईंचे उत्तर अजून आलेले नाही.